हरिकेन 36 तासांवर, खिडक्यांना शटर नाहीत: आधी काय उरकावं?

रिव्हरव्ह्यूकर
फ्लोरिडात टॅम्पाजवळ रिव्हरव्ह्यूला स्वतःचं एकमजली, काँक्रीट ब्लॉकचं घर आहे. इव्हॅक्युएशन झोन सी. घरात आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेल्या सासूबाई. त्यांना इन्सुलिन लागतं. शेगडी विजेची. दुकानांतलं बाटलीबंद पाणी संपलंय. आधी काय करू, काय सोडून देऊ?

खारा वारा
काउंटीनं झोन सी रिकामा करायला सांगितला, तर खिडक्यांवर प्लायवुड ठोकायच्या नादी न लागता निघा. फ्लड झोन आणि इव्हॅक्युएशन झोन वेगळे आहेत: पहिला विम्याचा नकाशा, दुसरा समुद्राच्या उधाणाचा. 2024 मध्ये हेलीन हरिकेनचं केंद्र टॅम्पापासून शंभराहून जास्त मैल दूर, समुद्रातून गेलं, तरी टॅम्पा बेच्या काठावरच्या घरांत पाणी घुसलं. पार अटलांटासारखं दूरचं शहर गाठायची गरज नसते. झोनबाहेर, जवळपास कुणाचं पक्कं घर असेल तर ते पुरतं.

पासपोर्ट, आय-797 (इमिग्रेशनची नोटीस), विम्याची कागदपत्रं झिपलॉकमध्ये. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, फोनवर व्हिडिओ काढा. पुराचा विमा आता काढून फायदा नाही. सरकारी योजनेत तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो.

सुतारपक्षी
राहणार असाल तर प्लायवुड 5/8 इंची घ्या. खिडकीच्या चारही बाजूंनी 4 इंच जास्त कापा. ब्लॉकच्या भिंतीला साधे लाकडी स्क्रू धरत नाहीत. पाव इंची टॅपकॉन (काँक्रीटचे स्क्रू) लागतात, त्यांना 3/16 चं बिट आणि हॅमर ड्रिल. भोक खिडकीच्या कडेपासून अडीच इंच लांब, भिंतीत पाडा, नाहीतर ब्लॉकचा कोपरा फुटतो. खिडकीवर टेपची फुली मारणं निव्वळ वेळ घालवणं आहे: काच तशीच फुटते, फक्त तुकडे मोठे होतात.

खिडक्यांइतकंच गॅरेजचं दार बघा. ते आत दबलं की वारा घरात शिरून छपराला खालून उचलतो. दाराचे उभे आधार असतील तर आजच बसवा. ‘दाब सारखा राहावा म्हणून एक खिडकी किलकिली ठेवा’ हा सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका.

लनाईवरच्या (मागच्या पडवीतल्या) खुर्च्या, कुंड्या आत. ग्रिलचा प्रोपेन सिलिंडर मात्र घरात किंवा गॅरेजात आणायचा नाही. वाऱ्यानं ताशी 39 मैल गाठायच्या बऱ्याच आधी शिडी खाली आली पाहिजे.

मेतकूट
पाणी बाटलीबंदच हवं असं कुठंय? नळ चालू आहे तोवर पातेली, कुकर, कूलर, सगळं भरा. माणशी दिवसाला 1 गॅलन, चौघांना सात दिवसांचे 28. टब भरायचा तो फक्त फ्लशसाठी. त्याचं बूच रात्रीतून झिरपतं, म्हणून खाली प्लास्टिकचा कागद दाबून बसवा.

फ्रीजर आत्ताच सर्वांत थंडवर. रिकाम्या जागेत पाण्याच्या झिपलॉक पिशव्या गोठवा. ठासून भरलेला फ्रीजर न उघडता साधारण 48 तास टिकतो, अर्धा भरलेला 24, खालचा फ्रीज जेमतेम 4.

विजेची शेगडी म्हणजे वीज गेली की स्वयंपाक बंद. आजच दशम्या, मेथीचे ठेपले आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी करून ठेवा. पातळ पोहे तेल-तिखट लावून तसेच खाता येतात. भात आणि शिजवलेली डाळ करून ठेवू नका, उकाड्यात आंबतात.

इन्सुलिन: वापरातलं पेन बहुधा 28 दिवस बाहेर चालतं, पण 30 अंश सेल्सिअसच्या आत, आणि एसी बंद पडला की घर त्याच्या वर जातं. कूलरमध्ये ठेवा, पण टॉवेलात गुंडाळून. बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. औषधाची चिठ्ठी सोबत असू द्या.

रिव्हरव्ह्यूकर
आभार. शेजारी जनरेटर देतायत. पावसात भिजू नये म्हणून गॅरेजात, दार अर्धं उघडून चालवला तर?

सुतारपक्षी
अजिबात नाही. दार पूर्ण उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, वास नसतो, झोपेतच माणूस जातो. घरापासून निदान 20 फूट, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पाऊस असेल तर थांबा, वादळ ओसरल्यावर लावा. कपड्यांच्या ड्रायरच्या सॉकेटमधून घराला वीज द्यायची नाही. ती उलटी तारांवर जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो. फ्रीजसाठी बाहेर वापरायची 12 गेजची एक्स्टेंशन वायर पुरते. पेट्रोल भरताना आधी बंद करून थंड होऊ द्या. मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरी आज बदला.