१० हजारात गाडीचा साउंड सुधारायचाय, आधी काय बदलू?

डग्गाप्रेमी (फोंडा)
जुनी वॅगन आर आहे, स्टिरिओ कंपनीचाच, रोज फोंडा-पणजी येणं-जाणं. मी ऐकतो नाट्यगीतं नि भजनं, पण आवाज थोडा वाढवला की डग्गा नुसता ढबढब करतो, घुमारा कळतच नाही आणि वर दाराचं प्लास्टिक खडखडतं. म्हापशाला एका दुकानात विचारलं तर टचस्क्रीन घाला, मागे ओव्हल स्पीकर घाला, सबवूफर (फक्त खर्जाचा मोठा स्पीकर) घाला, सगळे मिळून २५ हजार. माझ्याकडे १० आहेत, वर एक रुपया नाही.

तारजोड
टचस्क्रीन आत्ता अजिबात नको, त्याने आवाज फारसा बदलणार नाही. पुढच्या दारातले स्पीकर बदला, आपण बसतो पुढे मग मागच्या ओव्हलवर पैसे कशाला? आणि बॉक्सवरचे ३०० वॅट बघून भुलू नका, ते पीक म्हणजे क्षणभराचं असतं, स्टिरिओवर ४ x ५० लिहिलेलं असलं तरी खरे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, प्रत्येक स्पीकरला जेमतेम १५-२० वॅट मिळतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते बघा, ९० डीबी किंवा वर. ३ डीबी जास्त असली तर निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज येतो. घ्यायच्या आधी दाराचं पॅनल काढून आत स्पीकरला किती खोल जागा आहे ते मापा, नाहीतर काच खाली घेताना मॅग्नेटला आपटते.

सत्तरीवाला
स्पीकर बरोबर, पण ३ हजार तरी डॅम्पिंगला, म्हणजे पत्र्याची थरथर दाबायला, ठेवा हो, लोक हेच विसरतात! ब्यूटाइलची (चिकट रबराची) शीट दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून लावायची, पत्रा आधी स्वच्छ पुसून, मग रोलर दाबून फिरवायचा. बोटाने टकटक केलं की टणटण जाऊन ठप्प आवाज आला पाहिजे. आपल्याकडच्या पावसात दाराच्या आत पाणी उतरतंच, तेव्हा खालची ड्रेनची भोकं बुजवू देऊ नका आणि पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवून घ्या, घाईत तो फाडून टाकतात. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा (प्लास्टिकचा) घ्या.

डग्गाप्रेमी
वायरी कापाव्या लागतील? आणि ॲम्प (वेगळा ॲम्प्लिफायर) घालू का?

तारजोड
कापू देऊच नका, गाडीच्या प्लगला जुळणारा कपलर (जोड) मिळतो, तो दुकानदाराकडे मागा. ॲम्प पुढच्या वर्षी बघा, पण घालाल तेव्हा वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, त्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, वायर शॉर्ट झाली तर आग लागते.

डग्गाप्रेमी
बरं, रविवारी पॅनल काढून माप घेतो, खोली किती ते इथे टाकतो.