मदत हवी आहे: दाखल असलेल्या बाबांना व्हिटॅमिन सी, डी किती द्यायचं?

सायली_२२: लवकर उत्तर हवंय. बाबा तीन दिवसांपासून दाखल आहेत, तपासणीत फ्लू निघाला. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर व्हिटॅमिनचं नावच काढत नाहीत. मी सीच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या, डीच्या कॅप्सूल, झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन आणून ठेवलंय. दिवसातून किती वेळा द्यायचं तेवढंच सांगा. सिस्टरना न विचारता दिलं तर चालेल ना?

मध्यरात्र: वय? किडनी कशी आहे? आधीपासून कुठली औषधं चालू आहेत? हे कळल्याशिवाय कुणी आकडा सांगितला तर त्यावर जाऊ नका.

सायली_२२: ६८. औषधं नेहमीचीच. मी डोस विचारलाय, बाकीचं डॉक्टर बघतायत.

पिंपळपान: बिनधास्त द्या. कोविडमध्ये मी दिवसाला सीच्या चार गोळ्या घेत होतो, आठव्या दिवशी घरी आलो. डॉक्टर मंडळी हे सांगत नाहीत.

उकल: पिंपळपान, तुम्हाला ऑक्सिजन लागला होता? स्टिरॉइड दिलं होतं? मग सीने बरं वाटलं हे कशावरून ठरवलंत?

पिंपळपान: माझं शरीर आहे, मला कळतं.

उकल: तुम्ही बरे झालात याचा आनंदच आहे. पण ब्राझीलमध्ये कोविडने दाखल झालेल्यांना डी जीवनसत्त्वाचा २,००,००० युनिटचा एकच मोठा डोस देऊन पाहिला होता. त्याचे निकाल २०२१ साली आले, दवाखान्यातले दिवस कमी झाले नाहीत. सी तर शिरेतून देऊन पाहिलं, किलोमागे ५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, चार दिवस. २०२३ साली निकाल आला, त्यातही फायदा दिसला नाही. तोंडाने घेतलेल्या गोळ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत.

पिंपळपान: ते कोविडचं झालं. त्यांच्या बाबांना फ्लू आहे.

उकल: खरंय. पण म्हणून फ्लूमध्ये फायदा होतो हे सिद्ध होत नाही. फ्लूवर चालणारं औषध ऑसेल्टामिव्हिर. ते सुरू आहे का, हे आधी विचारा. पहिल्या ४८ तासांत दिलेलं उत्तम, पण दाखल रुग्णाला उशिराही देतात.

ऊनसावली: ऊन अंगावर घेतलं की त्वचेत डी तयार होतं. शिवाय मुलांना रोज थोडं डी दिलं तर सर्दी-खोकला कमी होतो असं मी वाचलंय. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला किती द्यावं?

मध्यरात्र: ऊनसावली, मुलीसाठी वेगळा धागा काढा. आजार होऊ नये म्हणून रोज थोडं घेणं आणि दाखल माणसाला एकदम मोठा डोस देणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सायली, पुन्हा विचारते, नेहमीची औषधं म्हणजे कोणती?

सायली_२२: शुगरची गोळी, इथे आल्यापासून इन्सुलिन. रक्त पातळ करायला वॉरफरिन. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची ती रक्ततपासणी, २.१ आहे, पण ते वर्षभर तेवढंच आहे. इथे लेव्होफ्लॉक्सासिन पण सुरू केलंय.

मध्यरात्र: हे पहिल्या ओळीत हवं होतं! मी फार्मसिस्ट आहे. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुतेकदा के जीवनसत्त्व असतं, ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. झिंक लेव्होफ्लॉक्सासिनसोबत पोटात गेलं तर अँटिबायोटिक नीट शोषलं जात नाही. सीचा मोठा डोस अशा कमी काम करणाऱ्या किडनीत ऑक्सलेट (खडे बनवणारा क्षार) साठवू शकतो. शिरेतून खूप सी दिलं तर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात आणि त्यावर इन्सुलिन वाढवलं जातं. डीचा तर साठा होतो, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्यातून त्यांना ऑसेल्टामिव्हिर चालू असेल तर अशा किडनीला डोस कमी करावा लागतो, म्हणजे डॉक्टर आधीच हिशेबाने चाललेत. लपवून काहीही देऊ नका.

गोवरवाली: आमच्या पुतण्याला गोवरात दवाखान्यातच ए जीवनसत्त्व दिलं होतं, दोन दिवस लागोपाठ. म्हणजे विषाणूवर व्हिटॅमिन चालतंच की!

मध्यरात्र: गोवरात ते ठरलेलंच आहे. वर्षावरच्या मुलांना २,००,००० युनिट, दोन दिवस. ते गोवरासाठी. फ्लूच्या मोठ्या माणसाला नाही.

सायली_२२: एक खरं सांगते. काल रात्री सीची एक गोळी दिली होती. आता रडू येतंय.

मध्यरात्र: एका गोळीने घाबरू नका, पण आत्ताच सिस्टरना सांगा. पिशवी त्यांच्यापुढे ठेवा. बाबा किती दिवस नीट जेवले नाहीत, तेही सांगा. खूप दिवस उपाशी माणसाला खायला सुरू करताना थायमिन (बी१ जीवनसत्त्व) लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. डीची कमतरता वाटली तर रक्ततपासणी करता येईल का विचारा.

सायली_२२: सांगितलं. सिस्टर ओरडल्या नाहीत, फाइलमध्ये लिहून घेतलं. आठवडाभर जेवण जवळजवळ नव्हतंच, ते ऐकून डॉक्टरांनी थायमिन सुरू केलं आणि डीची पातळी बघायला रक्त घेतलं. वॉरफरिनसाठी आयएनआरही (रक्त किती पातळ झालंय ते बघायची तपासणी) पाठवलाय. ऑसेल्टामिव्हिर पहिल्या दिवसापासूनच चालू होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. पिशवी भावाबरोबर घरी पाठवली. बाबांनी दुपारी चार घास खाल्ले.