शिक्षा दाखवली म्हणजे नीती आली?

हल्ली सिनेमात गुन्हेगार सुटतो, पूर्वी त्याला शिक्षा व्हायचीच, म्हणून जुने सिनेमे जास्त नीतिमान, हे म्हणणं मला पटलं नाही. हॉलिवूडपुरतं तरी त्यामागे हेज कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही (गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही, हेही त्यातच) हे ठरवणाऱ्या नियमांची सक्ती होती. १९३४ पासून तो कडकपणे लागू झाला, १९६८ मध्ये गेला. 'द बॅड सीड'चंच बघा. मूळ कादंबरीत खुनी मुलगी सहीसलामत राहते. १९५६ च्या चित्रपटात मात्र तिच्यावर चक्क वीज पडते! (पोलीस नाहीत, कोर्ट नाही, थेट आभाळातून निकाल.) मला तर हसूच आलं. त्यापेक्षा गुन्हेगार मोकळा सुटतो आणि आपण मनातून त्याच्याच बाजूने होतो हे लक्षात येतं, तेव्हा मी जास्त अस्वस्थ होतो.