नागासाकीचा प्रश्न वेगळा विचारावा

अणुबॉम्बमुळे युद्ध लवकर संपले आणि जपानवरील आक्रमणात गेले असते ते लाखो जीव वाचले, असा युक्तिवाद अमेरिकेच्या बाजूने नेहमी मांडला जातो. तो हिरोशिमापुरता क्षणभर मान्य केला, तरी नागासाकीला लागू पडतो असे मला वाटत नाही. अमेरिकी लष्कराच्या 25 जुलै 1945 च्या लेखी आदेशात पहिल्या बॉम्बनंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत, असे आधीच ठरवून दिलेले होते. म्हणजे हिरोशिमात काय घडले हे पाहून, जपानच्या उत्तराची वाट पाहून, दुसऱ्या शहराबद्दल कोणी नव्याने निर्णय घेतलाच नाही. 9 ऑगस्टला विमान आधी कोकुरा शहरावर गेले, तेथे लक्ष्य दिसेना म्हणून नागासाकीकडे वळले आणि तेथील उराकामी भागातल्या वस्तीवर बॉम्ब फुटला. त्याच सकाळी, सोव्हिएत संघ युद्धात उतरल्यामुळे, टोकियोत शरणागतीवर खल सुरू झाला होता.

नागासाकीच्या संग्रहालयात स्फोटाच्या क्षणी, 11 वाजून 2 मिनिटांवर थांबलेले, मोडके भिंतीवरचे घड्याळ आहे. जपानी सैन्याने चीनमधील नानजिंगमध्ये केलेले अत्याचार मी विसरलेलो नाही, पण त्यांची शिक्षा त्या घड्याळाच्या घरातील माणसांनी का भोगावी? युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रात अणुबॉम्बच्या निर्णयाकडे बोट दाखवले होते. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. हा आक्षेप मात्र पूर्णपणे पटतो.