मदत हवी आहे: रशियातल्या आयटी डिग्रीवर जर्मनीचा ब्लू कार्ड

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाने रशियातल्या टॉम्स्कला पाच वर्षं राहून संगणक सुरक्षेचा 'स्पेशालिस्ट' डिप्लोमा (तिथली सलग एकाच टप्प्यातली विद्यापीठाची पदवी) केला. तोही लाल पुठ्ठ्याचा, म्हणजे पाऊणएक विषयांत सर्वोच्च श्रेणी, बाकीही चांगले. आता जर्मनीतल्या एका कंपनीची ऑफर आलीय, ब्लू कार्डही (उच्चशिक्षित परदेशी लोकांना तिथे राहून काम करायचा परवाना) काढायचंय, पण एचआरवाल्या बाई विचारतात, हे बॅचलर की मास्टर? गुणपत्रकात शारीरिक शिक्षणाचेसुद्धा तास मोजून लिहिलेत, पण याचं उत्तर काही त्यात नाही!

'अनाबिन'वर (परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांची जर्मनीतली अधिकृत ऑनलाइन यादी) विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असं दिसतं, पण त्याची नेमकी पदवी यादीत सापडत नाही. म्हणजे झेडएबीकडून (परदेशी पदव्या तपासणारं जर्मन सरकारी कार्यालय) तुलनापत्र, म्हणजे ही पदवी जर्मनीतल्या कुठल्या पदवीच्या तोडीची ते सांगणारं पत्र, घ्यावंच लागणार ना? रशियात असतानाच डिप्लोम्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून घेतलं, तेवढी अक्कल सुचली. भाषांतर मात्र पुण्यात केलेलं चालेल की जर्मनीतला शपथबद्ध अनुवादकच लागतो?

शिवाय २०२२ मध्ये रशिया बोलोन्या प्रक्रियेतून (युरोपातल्या देशांच्या पदव्या एकमेकांशी जुळत्या ठेवायची व्यवस्था) बाहेर पडल्यामुळे जुन्या पदव्यांकडेही कोणी तिरक्या नजरेने बघतं का? मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात रशियन डिप्लोमा घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया अनुभव सांगा. आई रोज विचारते, 'झालं का रे?'