जुनी केशो-मावाशी घ्यायची आहे, काय पारखू?

पौडफाटा: जपानी ऑनलाइन लिलावात एक केशो-मावाशी आलीय. सुमो पैलवान लढतींआधी दोह्योवर, म्हणजे त्यांच्या आखाड्यावर, ओळीने चढतात, तेव्हा कमरेला बांधतात तो भरतकामाचा रेशमी पट्टा. मान फक्त वरच्या दोन गटांना, माकुउची आणि जुर्‍यो. हिच्यावर गरुड, खाली जांभळी झालर. विक्रेता म्हणतो, 'मोठ्या पैलवानाची, फार जुनी.' आजोबा तालमीतले, म्हणून मला हा नाद. बोली लावू का?

सदाशिवपेठी: तेवढ्यात पैठणी येईल. घरात शांतताही.

जरवाली: पेठेतल्यांना जर म्हटलं की पैठणीच आठवते! मी जुने शालू दुरुस्त करते, जपानी भरतकामही हाताळलंय. पौडफाटा, आधी झालर बघा. व्यावसायिक सुमोत जांभळी झालर फक्त सगळ्यात वरच्या दोन पदांचे पैलवान, ओझेकी आणि त्यावरचे योकोझुना, लावतात. भरतकामात पैलवानाचं नाव असेल तर ते वाचून घ्या. तो ओझेकीपर्यंत पोचलाच नसेल, तर विक्रेत्याची गोष्ट तिथेच संपली. आणखी एक, गावोगावच्या देवळांपुढे हौशी सुमो चालायचं, तिथले पैलवानही असे पट्टे बांधायचे. बाजारात तेही येतात. वाईट नसतात हो, उलट मला त्यांची चित्रं जास्त आवडतात, पण भाव वेगळा.

मग उलट बाजूचा फोटो मागा. हाताचं भरत असेल तर मागे टाके दिसतील. अख्खा पट्टा सहा मीटरच्या आसपास, बराचसा गुंडाळला जातो, पुढे लोंबतं तेवढंच नक्षीचं. त्यांची जर आपल्यासारखी तारेची नसते. कागदावर सोन्याचा वर्ख, त्याच्या बारीक पट्ट्या दोर्‍याभोवती गुंडाळलेल्या. घडी पडली की वर्ख तडकतो. इस्त्री नाही, ड्रायक्लीनिंग तर नाहीच.

पौडफाटा: ताई, उत्तर आलं. नाव नाहीच, आणि मागचा पट्टा कापलाय, 'फ्रेमसाठी सोयीचं' म्हणे. पावसाळ्यात ठेवू कसं?

जरवाली: मग तुकड्याचाच भाव द्या, त्यावर एक येन नाही. धुतलेल्या बिनखळीच्या मलमलीत, सपाट ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, ओल धरतं. डांबरगोळ्या जरीला टेकवू नका. पाऊस सरला की सावलीत वारा द्या, उन्हात नाही. आणि फ्रेम करून हॉलमध्ये खिडकीसमोर लावणार असाल तर घेऊच नका, रंग उडेल.

सदाशिवपेठी: झालरीसकट घेताय ना? मला फोटो टाका.