शत्रूची बंदूक हाती आली, तरी ती चालवणार कशी?

साखळीची शिक्षिका
१९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात मी मुलांना गोवा मुक्तिलढ्यातल्या मोहन रानड्यांविषयी सांगत होते. १९५५ साली बेतीच्या पोर्तुगीज पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते गोळी लागून पकडले गेले आणि १९६९ साली सुटले. त्यांच्या आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेचे लोक चौक्यांवर हल्ले करून हत्यारं मिळवत, असं म्हटल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, दुसऱ्याची बंदूक त्यांना चालवता कशी यायची?" मला उत्तर देता आलं नाही. सैन्यात असं करतात का?

डिचोलीचा निवृत्त आर्मरर
बाई, करतात. हत्यारं खोलण्या-जोडण्यात माझी बावीस वर्षं गेली. ज्याने एक रायफल नीट चालवली आहे, त्याला दुसरी कळायला वेळ लागत नाही. सेफ्टी कुठे, मॅगझिन कसं निघतं, एवढं कळलं की झालं. अडतं ते काडतुसापाशी.

पाकिस्तानी जी-थ्री रायफल आणि आपली जुनी एसएलआर रायफल, दोघींचं काडतूस एकच, ७.६२ बाय ५१ मिलिमीटर. मॅगझिन मात्र एकीचं दुसरीला बसत नाही. जी-थ्रीच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, आतून उभ्या खाचा असतात, त्यामुळे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर काळ्या रेघा उमटतात. नव्या पोरांच्या तळहातावर मी पुंगळी ठेवायचो आणि विचारायचो, ही कुणाची?

कारगिलमध्ये ४ जुलै १९९९ रोजी मुश्कोह खोऱ्यात १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे संजय कुमार स्वतः जखमी होते. शत्रू मशीनगन टाकून पळाला. त्यांनी तीच उचलून पळणाऱ्यांवर चालवली. परमवीर चक्र मिळालं त्यांना. पण ती त्या घटकेची गरज होती. रोज वापरायची तर काडतूस आपलं लागतं. म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रशियन पीपीएसएच सबमशीनगनच्या नळ्या बदलून त्यात स्वतःचं ९ मिलिमीटरचं काडतूस बसवलं.

दुसरा धोका आवाजाचा. धुक्यात शत्रूची बंदूक वाजली की आपलीच माणसं तिकडे नेम धरतात. हाती लागलेल्या रशियन टी-३४ रणगाड्यांवर जर्मन मोठाले क्रॉस रंगवत, आपल्याच विमानांना दिसावेत म्हणून बुरुजाच्या टपावरसुद्धा.

आपल्या गोव्यातल्या पोरांपाशी ना आर्मरर, ना काडतुसांचा कारखाना. चौकीतून बंदुकीबरोबर काडतुसांची पेटी आली नाही, तर हातात नुसतं लाकूड आणि लोखंड. हे त्या मुलाला जरूर सांगा.

फोंड्याचा वाचक
काका, हे युद्धाच्या नियमांत बसतं का?

डिचोलीचा निवृत्त आर्मरर
बसतं. शत्रूचा गणवेश घालून लढणं मना आहे, त्याचं हत्यार वापरणं नाही. फक्त ते सरकारजमा होतं, घरी नेता येत नाही.

साखळीची शिक्षिका
काका, शनिवारी शाळेत येऊन हे मुलांना सांगाल का?

डिचोलीचा निवृत्त आर्मरर
येतो. खडू तेवढे ठेवा, चेंबर फळ्यावर काढून दाखवतो.